सल्ला हवा: क्लिनिकमधल्या नवीन असिस्टंट मुलींना तपासणीच्या खोलीतलं काम आणि इन्फेक्शन कंट्रोल कसं शिकवायचं? (नागपूर)

बेसावाली_डॉक्टर

नमस्कार मंडळी. बेसा रोडला माझं छोटं क्लिनिक सुरू होतंय. एक तपासणीची खोली, एक ड्रेसिंगची, बाहेर पेशंटला बसायला जागा, बस. ताप-खोकला, बीपी-शुगर, ड्रेसिंग, टाके काढणं, कधी एखादं गळू, बायकांची तपासणी असं सगळं साधं फॅमिली प्रॅक्टिसचं काम. मदतीला दोन मुली ठेवल्यात, एक काटोलकडची आणि एक मानेवाड्याची, दोघी बारावी पास, हुशार आहेत, पण दवाखान्यात याआधी काम केलेलं नाही.

तर यांना आधी जीडीएचा (जनरल ड्युटी असिस्टंट) कोर्स करायला लावू की मीच शिकवू? आणि मीच शिकवायचं तर सुरुवात कुठून करू? केंद्र सरकारच्या २०२० च्या इन्फेक्शन कंट्रोल गाइडलाइन्स माझ्याकडे आहेत, पण एवढा मोठा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या हातात देऊन काही होणार नाही. ज्यांनी प्रत्यक्ष स्टाफ तयार केलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

सिस्टर_धंतोली

मॅडम, धंतोलीत हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोल बघते, नवीन मुलामुलींना शिकवणं हेच रोजचं काम, म्हणून जरा मोठं लिहिते.

जीडीए वाईट नाही, पण त्यात बहुतेक वॉर्डातलं काम असतं, पेशंटला कुशीवर वळवणं, स्पंजिंग, भरवणं, बेड करणं. तुमच्या ओपीडीत यातलं थोडंच लागेल. पुढे त्या मुलींना मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं असेल तर सर्टिफिकेट कामी येईल, तेव्हा नंतर करू द्या. तुमच्या खोलीतलं काम तुमच्या खोलीतच शिकवा, आणि तोंडी सांगून थांबू नका, तुम्ही करून दाखवा, मग तिला करायला लावा आणि शेजारी उभं राहून बघा. "समजलं का?" विचारलं की सगळ्या हो म्हणतात, "करून दाखव" म्हटलं की कुठे अडलंय ते लगेच दिसतं.

पण त्याच्याही आधी लस. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जॉइन होतील त्याच दिवशी द्या, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी, आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी एचबीएस टायटर (लस लागू पडली का ते दाखवणारी रक्ततपासणी) बघा, १० च्या वर हवा. टिटॅनसचंही विचारून घ्या. हे तुमच्या मर्जीवर नाही, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत कचरा हाताळणाऱ्या स्टाफला हिपॅटायटिस बी आणि टिटॅनसची लस द्यायची म्हणून लिहिलंय, कामाला लागताना ट्रेनिंग आणि नंतर वर्षातून एकदा तरी ट्रेनिंग, हेही त्यातच आहे.

मग हात. पोस्टर बसवतात आणि झालं समजतात, तसं करू नका. पांढरे ग्लव्हज घालायला द्या, तळहातावर पोस्टर कलर ओता आणि डोळे मिटून हात धुतो तसे चोळ म्हणा. डोळे उघडल्यावर अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या मधली जागा पांढरीच राहिलेली असते. प्रत्येक बॅचमध्ये हेच दिसतं. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की परत सांगावं लागत नाही. मग तेच रंगवलेले ग्लव्हज काढायला लावा, मनगटाला रंग लागला तर पुन्हा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने २० ते ३० सेकंद, आणि हात दिसायला घाण असेल तर साबणच. डब्ल्यूएचओचे पाच क्षण सोप्या भाषेत सांगा: पेशंटला हात लावायच्या आधी, ड्रेसिंगसारख्या स्वच्छ कामाच्या आधी, रक्त-पू-लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. यातला पाचवा सगळे विसरतात, कारण पेशंटला तर शिवलोच नाही असं वाटतं.

ग्लव्हज घातल्या हाताने मोबाइल, दाराची कडी, पेन, केसपेपर काही नाही. आणि ग्लव्हज काढले की हात धुवायचेच.

डॉ_महाल

सिस्टरांनी हातांचं उत्तम लिहिलंय, मी खोलीतल्या बाकी गोष्टींवर लिहितो. महालात जुनी प्रॅक्टिस आहे, बरेच असिस्टंट माझ्याकडे शिकून गेले.

डॉक्टर, बीपी घेणं ही सगळ्यात जास्त वेळा केली जाणारी आणि सगळ्यात वाईट शिकवली जाणारी गोष्ट आहे. पेशंट जिना चढून आला, स्टुलावर बसवला, शर्टाच्या बाहीवरून कफ गुंडाळला आणि "काका कुठून आले, जेवण झालं का" असं बोलत बोलत बटण दाबलं, असं सगळीकडे चालतं आणि त्या आकड्यावर आपण आयुष्यभराची गोळी सुरू करतो. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका, पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक नाही, दंड उघडा, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला, आणि मोजताना कोणीच बोलायचं नाही. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटं जास्त दिसतं, म्हणून मोठा कफ आजच मागवा. आपल्या नागपुरात आणखी एक प्रश्न मुलींना विचारायला शिकवा, "खर्रा कधी खाल्ला?" चहा, बिडी, तंबाखू-सुपारीचा खर्रा यांपासून अर्धा तास तरी झालेला हवा. तोंडात खर्रा असतानाच बीपी मोजून घेणारे पेशंट माझ्याकडे रोज येतात. आणि त्यांना चूळ भरायला बाहेरची जागा दाखवा, हात धुवायच्या बेसिनमध्ये नाही.

तापाचंही तसंच. मे महिन्यात ४५ डिग्रीत स्कूटीवर आलेल्या माणसाच्या कपाळावर ती बंदूक धरली तर आकड्याला अर्थ नाही. सावलीत पंधरा-वीस मिनिटं बसू द्या, किंवा काखेत डिजिटल लावा. उलट एक गोष्ट थांबवायची नाही, ती म्हणजे सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) मूल ताप घेऊन आलं तर. विदर्भात हे पेशंट आहेतच, आणि त्यांचा ताप लाइनीत बसवायचा नसतो. नोंद करतानाच मुलीने विचारायला हवं आणि तुम्हाला आत येऊन सांगायला हवं.

जुन्या दोन सवयी तुमच्या क्लिनिकमध्ये येऊच देऊ नका. एक, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांची बरणी. दिवसभर त्यात बोटं जातात. कोरडा बोळा घ्यायचा आणि त्यावर त्या वेळी स्पिरिट टाकायचं, नाहीतर तयार स्वॅबची पाकिटं. दुसरी, अँटिसेप्टिकच्या पाण्यात उभा ठेवलेला चिटल फोर्सेप्स, म्हणजे निर्जंतुक वस्तू उचलायचा लांब चिमटा. असल्या द्रावणात जंतू वाढतात. त्यापेक्षा एका ड्रेसिंगपुरती छोटी पाकिटं ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) ठेवा.

मानकापूर_माउली

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे दाताचा दवाखाना आहे, तिथेही सगळं लागू.

हिंगण्याचा_भाऊ

ताई, मी डॉक्टर नाही, असिस्टंट आहो. आता बऱ्या ठिकाणी काम करतो पण आधी जिथं होतो त्याचं नाव नाही सांगत. तिथं माह्या बोटाले सुई टोचली, ट्रेमध्ये गॉजच्या खाली कोणीतरी वापरलेली सुई तशीच ठेवून दिली होती. सांगतलं तं म्हणे बोट दाब, रक्त काढ, स्पिरिट लाव, काही होत नाही, पुढचा पेशंट घे. कोणत्या पेशंटची सुई होती हे कोणालेच माहीत नाही. मले तं हेही माहीत नव्हतं का यावर गोळ्या असतात आणि त्या लवकर सुरू करा लागतात. दोस्तानं सांगतलं तवा मेडिकलले, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलले गेलो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले पण तोपर्यंतचे महिने कसे काढले माह्यं मले माहीत, घरी कोणाले सांगतलं नाही.

म्हणून माह्यं एकच म्हणणं आहे, पोरींना पहिल्याच दिवशी सांगा का सुई टोचली तर लपवायचं नाही, कोणी रागावणार नाही, पगार कापणार नाही. नवीन पोरगी घाबरते ना, तिले वाटते मॅडम म्हणतील तुलेच नीट करता येत नाही. आणि पेशंटसमोर झापू नका, मागच्या खोलीत नेऊन सांगा. पेशंटसमोर झापलं तर ती पुढच्या वेळी काही पडलं-सांडलं तं सांगणारच नाही, पुसून मोकळी होईल.

सिस्टर_धंतोली

भाऊ, हे लिहिलंत ते फार बरं केलं. वाईट वाटलं वाचून.

सगळ्यांसाठी लिहून ठेवते: सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट-ब्लीच काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. डोळ्यात उडालं तर साध्या पाण्याने धुवायचं. लगेच डॉक्टरांना सांगायचं, पेशंट कोण ते लिहायचं, त्याची संमती घेऊन एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी तपासायचं. एचआयव्हीची पीईपी (लागण होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या) दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि गोळ्या २८ दिवस घ्यायच्या असतात. मेडिकलला एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) आहे, रात्री-बेरात्री कॅज्युअल्टीला जायचं, सकाळची वाट बघायची नाही. हे सगळं एका कागदावर लिहून ड्रेसिंगच्या खोलीत लावा मॅडम, तुमच्या मोबाइल नंबरसकट.

आणि मुळात टोचू नये म्हणून नियम एकच, जिने सुई वापरली तिनेच ती टाकायची, तिथल्या तिथे. झाकण परत लावायचं नाही. म्हणजे तुम्ही इंजेक्शन दिलं तर नीडल कटर तुमच्या हाताशी पाहिजे, मुलीने तुमची सुई उचलायची नाही. सुयांचा पांढरा डबा पाऊण भरला की बंद.

बाकी कचऱ्याचं: रक्ता-पुवाचा कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्यात, ग्लव्हज आणि सुई कापलेली सिरिंज लाल, काचेची अँप्यूल निळ्यात. सिरिंजचं वरचं कागद-प्लास्टिकचं पाकीट साध्या कचऱ्यात, ते लालमध्ये टाकून पिशव्या उगाच भरतात. ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही.

सदर_फार्मा

हायपोबद्दल (सोडियम हायपोक्लोराइट, जंतुनाशक द्रावण) कोणी लिहिलं नाही म्हणून. बाजारात ४, ५, १० टक्के सगळं मिळतं, तेव्हा "एक झाकण टाक" असं शिकवू नका, लेबल वाचायला शिकवा. ५ टक्केवाल्याचं १ टक्का करायचं तर २०० मिली हायपो आणि ८०० मिली पाणी, टेबल-खुर्ची-फरशी पुसायला ०.१ टक्का पुरतं, म्हणजे २० मिली हायपो आणि पाणी घालून एक लिटर. रोज सकाळी ताजं. रक्त सांडलं तर आधी कागद किंवा कापड टाकून वर १ टक्का ओतायचं, किमान दहा मिनिटं राहू द्यायचं, मग उचलायचं. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडसोबत कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन गॅस होतो. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कॅन खिडकीत किंवा गच्चीच्या जिन्यात ठेवला तर महिन्याभरात त्याची ताकद उतरते, वास येत असला तरी. छोटे कॅन घ्या, अंधारात थंड जागी ठेवा. स्टीलच्या वस्तू त्यात बुडवून ठेवू नका, गंजतात.

बेसावाली_डॉक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ, तुमचं लिहिलेलं मी दोघींना वाचून दाखवणार आहे, आणि सुई टोचली तर काय, हे पहिल्याच दिवशी.

अजून तीन प्रश्न. एक, एका मुलीचं नुकतंच लग्न झालंय, हातात काचेचा हिरवा चुडा आहे, काढ म्हणायला मला जड जातंय. दोन, ड्रेसिंगच्या खोलीत खिडकीचा कूलर आहे, तो चालवू की एसी लावू? तीन, ऑटोक्लेव्ह कुकरसारखा छोटा आहे, तो मुलींच्या हाती द्यावा का?

डॉ_महाल

कूलरबद्दल मी सांगतो. खिडकीचा कूलर बाहेरची हवा आत ओढतो, समोरची खिडकी-दार उघडं असेल तर ती हवा निघून जाते, खोकल्याचे पेशंट बसतात तिथे हे बंद खोलीतल्या एसीपेक्षा चांगलंच, टीबीच्या दृष्टीने तर नक्की. म्हणून बाहेर बसायच्या जागेत कूलरच ठेवा, आणि खोकणाऱ्याला मास्क देऊन खिडकीजवळ बसवा. ड्रेसिंगच्या खोलीत मात्र उघड्या जखमेवर आणि उघड्या ट्रेवर कूलरचा झोत नको, धूळ येते. तिथे एसी लावा नाहीतर ड्रेसिंगपुरता कूलर बंद ठेवा. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासायची, नाहीतर आपल्याच क्लिनिकमध्ये डेंग्यूचे डास.

सिस्टर_धंतोली

चुड्याचं एकटीला बसवून बोला, दुसरीसमोर नको. काचेच्या बांगड्यांच्या मध्ये पाणी-साबण पोचत नाही, ग्लव्हज फाटतात, आणि ड्रेसिंग करताना बांगडी फुटली तर काच जखमेत, हे कारण सांगा. मी मुलींना म्हणते घरी जाताना घाल, इथे डब्यात जपून ठेव. तरी घरून चालत नसेल तर सध्या तिला नोंद, वजन-बीपी, बायकांच्या तपासणीला आत थांबणं अशी कामं द्या आणि ड्रेसिंगला दुसरी. चुडा उतरला की मग तिलाही ड्रेसिंग शिकवा. तपासणीला आत थांबणं हलकं काम नाही बरं का, पडदा ओढणं, अंगावर चादर देणं, आणि आत ऐकलेलं बाहेर न बोलणं, हेही शिकवावं लागतं.

ऑटोक्लेव्ह द्या, पण तुम्ही शेजारी असताना भरपूर वेळा करून घेतल्यावर. वस्तू आधी साबणाने ब्रश मारून स्वच्छ, सांधे उघडे, रक्त वाळलेलं राहिलं तर वाफ आतपर्यंत पोचत नाही. ड्रमच्या (ड्रेसिंगचं सामान ठेवायचा स्टीलचा डबा) बाजूची भोकं आत ठेवताना उघडी आणि बाहेर काढल्यावर बंद, हे नवीन मुली हमखास उलटं करतात. व्हॉल्व्हमधून आधी हवा निघू द्यायची, आणि वेळ मोजायची ती काटा १५ पौंड म्हणजे १२१ डिग्रीला पोचल्यानंतर. गुंडाळलेल्या पाकिटांना ३० मिनिटं. काठोकाठ भरायचा नाही. पाकिटावरच्या इंडिकेटर टेपवर काळे पट्टे आले म्हणजे पाकीट आत जाऊन तापलं एवढंच कळतं, निर्जंतुक झालं की नाही हे कळत नाही, म्हणून अधूनमधून बायोलॉजिकल इंडिकेटर (जंतू खरंच मेले का ते दाखवणारी चाचणी) लावा. पाकीट ओलं निघालं तर ते वापरायचं नाही. वर तारीख आणि जिने केलं तिची सही, बॉलपेनने, टेपवरच.