मदत हवी आहे: कथाबीज आणि कथानक यात नेमका फरक काय?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, लेक नववीला. तिने निफाडच्या मामाच्या द्राक्षबागेवर गोष्ट लिहिली, तोडणीच्या आदल्या रात्री गारपीट होते आणि सकाळी मामा बागेत पाऊल टाकायलाच तयार नसतो, एवढंच. मला तर वाचून गलबललं, पण सरांचा शेरा काय तर "कथाबीज चांगलं, कथानक नाही". आता गारपीट हा प्रसंग झाला की संघर्ष, की खरा संघर्ष मामाच्या मनातला? शिवाय गोष्टीतला 'मी' मामाचा मुलगा आहे, मग निवेदक तो आणि लेखिका ही, बरोबर ना? कवितेत 'जणू' आलं की उत्प्रेक्षा अलंकार हे मलाही आठवतंय, पण गद्यातलं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही हो. सावानातून (नाशिकचं सार्वजनिक वाचनालय) कुठलं पुस्तक आणू? सोपं उदाहरण देऊन सांगा प्लीज, सोमवारी परत लिहून द्यायचंय.