शब्दचर्चा : पॅकेजातलं ‘डॉक्युमेंटेशन’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न, म्हापशाहून :
डेबियन या मुक्त संगणकप्रणालीतल्या पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायच्या गठ्ठ्यांची, वर्णनं मराठीत आणायला घेतली आहेत. नावाच्या शेवटी ‘डॉक’ (डॉक्युमेंटेशनचं लघुरूप) असलेल्या पॅकेजांपाशी अडलोय. ‘दस्तऐवजीकरण’ चालेल का? शिवाय काही जुन्या भाषांतरांत पॅकेजला ‘संकुल’ म्हटलेलं दिसलं. तेच पुढं चालवायचं?

फोंड्याहून :
संकुल नको. क्रीडासंकुल नाहीतर शाळेचं संकुल डोळ्यांपुढं येतं. पॅकेज सगळ्यांना कळतं, पॅकेजात, पॅकेजांची अशी रूपंही सहज होतात. तेच ठेवा.

पणजीहून :
पॅकेजबद्दल सहमत. ‘दस्तऐवजीकरण’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. ‘करण’ लागलं की ती क्रिया झाली. धालो-फुगडीच्या गाण्यांचं दस्तऐवजीकरण करतात, तिथं तो शब्द चपखल बसतो. इथं लिहिण्याचं काम आधीच उरकलंय, वापरणाऱ्याच्या हाती तयार मजकूर पडतो. आणि नुसतं ‘दस्तऐवज’ लिहाल तर गोव्यात माणसाला जमिनीचे कागद आठवणार, विक्रीखत आणि एक-चौदाचा उतारा.

मुळात सगळं एका शब्दात कोंबूच नका. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजासोबत परवान्याचा मजकूर यावाच लागतो, बदलांची नोंदही असते. आज्ञेची थोडक्यात माहिती मॅन पानात, म्हणजे संगणकातच उघडणाऱ्या मदतीच्या पानात, मिळते. जाडजूड पुस्तिका मात्र वेगळ्या डॉक पॅकेजात काढतात, म्हणजे ज्यांना ती नको त्यांच्या डिस्कवर जागा अडत नाही. तेव्हा वर्णन वाचून ‘हे मला हवंय का’ एवढं कळलं पाहिजे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं डॉक पॅकेज उघडून बघा : आत शिकवणी आहे, भाषेचा संदर्भ आहे, लायब्ररीचा (भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडचा) संदर्भ आहे. मग सरळ लिहा, ‘पायथन भाषेची माहितीपुस्तिका : शिकवणी आणि संदर्भ’. पहिली ओळ 80 अक्षरांच्या आत बसवायची असते, त्यातही हे आरामात मावतं.

म्हापशाहून :
पटलं. पॅकेजासोबत आणखी कुठली पॅकेजं हवीत ते सांगणाऱ्या यादी असतात ना, त्यातल्या रिकमेंड्स आणि सजेस्ट्स, दोन्हींना ‘शिफारस’ लिहिलं तर?

पणजीहून :
कृपा करून तसं करू नका, वापरणारा फसेल. डिपेंड्स म्हणजे ज्याच्यावाचून पॅकेज चालणारच नाही, ते ‘आवश्यक’. रिकमेंड्समधलं सहसा सोबत असतंच आणि ॲप्ट (पॅकेजं बसवणारा डेबियनचा प्रोग्रॅम) एरवी आपणहून बसवतं, ती ‘शिफारस’. सजेस्ट्समधलं असलं तर उपयोग वाढतो, पण ते सांगितल्याशिवाय बसत नाही. त्याला ‘पूरक’ म्हणा. डॉक पॅकेजं बऱ्याचदा या तिसऱ्या गटात असतात, म्हणून ती कुणीतरी मुद्दाम शोधून बसवावी लागतात. सत्तरी-काणकोणात जिथं नेट अडखळतं, अशा एखाद्या शाळेतल्या मास्तरांना खरी गरज या पॅकेजांचीच. ॲप्टचा शोध वर्णनातले शब्दही धुंडाळतो. ‘माहितीपुस्तिका’ हा शब्द पहिल्या ओळीत ठेवाच, आणि सगळ्या डॉक पॅकेजांना तोच वापरा.