घरोघरी विचारून खरी संख्या कळते का?
घरी येऊन विचारणाऱ्या सरकारी माणसाला कोणी आपले व्यसन सांगणार नाही, म्हणून व्यसनी लोकांची संख्या मोजणारे घरोघरचे सर्वेक्षण व्यर्थ आहे, हा या चर्चेतला आक्षेप मला अर्धाच पटतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हा धोका आधीच गृहीत धरला होता. सुमारे 2 लाख घरांतल्या पाहणीबरोबरच, बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्या एका व्यक्तीमार्फत तिच्या ओळखीतल्या पुढच्या व्यक्तीपर्यंत पोहोचत 72 हजारांहून अधिक जणांशी स्वतंत्रपणे बोलले गेले.

मला त्याहून अस्वस्थ करणारी, याच सर्वेक्षणातली बाब या चर्चेत कोणी मांडलेली नाही. पंक्चरचे सोल्यूशन, थिनर यांसारखे हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, की ज्याच्या वापराचे प्रमाण मुलांमध्ये (1.17 टक्के) प्रौढांपेक्षा (0.58 टक्के) जास्त आहे, आणि ही मुले जी वस्तू हुंगतात, ती बहुधा दुकानात उघडपणे मिळते, त्यामुळे तस्करीविरुद्धच्या छाप्यांनी त्यांचे काहीच भले होत नाही. शिवाय स्टेशनांवर राहणारी मुले घरांच्या यादीत येतच नाहीत. मुलांसाठी वेगळी उपचारकेंद्रे हीच माझ्या मते सर्वांत तातडीची मागणी आहे.