डिसेंबरअखेर देवरुखजवळ पाणी असलेला धबधबा कोणता?

कातळवाट: २७ डिसेंबरला चिपळूणहून देवरुखला येतोय. सोबत ६२ वर्षांची आई आणि ९ वर्षांचा मुलगा. अर्ध्या दिवसात उरकेल असा धबधबा हवा. चिपळूणजवळचा सवतसडा धबधबा बरा की थेट देवरुखजवळचं मार्लेश्वर देवस्थान? वेळ, बूट वगैरे सविस्तर सांगा.

सड्यावरचा: सवतसडा पावसाळी. डिसेंबरात पाण्यासाठी थांबण्यासारखं काही उरत नाही. मार्लेश्वरचा धारेश्वर धबधबा धरा. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी फारसं मुरवून ठेवत नाही, म्हणून लहान ओढे पाऊस सरला की लवकर आटतात. धारेश्वरला वरच्या जंगलाचा आधार आहे, धार टिकते. पण जुलैतले फोटो बघून येऊ नका, बारीक झालेली असेल.

पायथ्यापासून गुहेतल्या देवळापर्यंत ५०० च्या वर पायऱ्या. दर ५०-६० पायऱ्यांवर आईंना बसवा. पाऊण तास तरी धरा. माणशी दीड लिटर पाणी पुरे. धबधबा वरूनही दिसतो, त्यामुळे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांनी डोहाकडे उतरूच नये. ती वाट धोंड्यांची आहे.

बावनदीकाठ: धोंड्यांबद्दल थोडं. थंडीत घसरायला होतं ते धारेखाली नव्हे, पाणी ओसरलेल्या काठावर. तिथलं शेवाळ वरून सुकलेलं, आत ओलं असतं. काळा, तुकतुकीत दगड टाळा. खरबरीत, कोरड्यावर अख्खं पाऊल टाका. खाचा झिजलेले बूट नकोत, चपला तर नकोतच. आणि खालच्या त्या डोहात, करंबेळीच्या डोहात, मुलाला उतरवू नका. पाणी नितळ असलं की तळ आहे त्यापेक्षा वर भासतो, शिवाय गारठ्याने पायात पेटका येतो.

कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा, धूर, अत्तर काही नको. ड्रोन तर मुळीच नको.

कातळवाट: आभारी आहे. निघायचं कधी? गुहेत मुलाला नेता येईल ना?

सड्यावरचा: सकाळी ८ ला पायऱ्यांना लागा. दरीत ऊन लवकर सरतं, ४ नंतर धोंड्यांत राहू नका. गुहेत मुलाला खुशाल न्या, पण आत फक्त समया असतात. मोबाइलचा उजेड मारू नका. कपारींत साप असतात म्हणतात, तेव्हा हात घालायचा नाही हे त्याला आधीच बजावून ठेवा.

बावनदीकाठ: तारीख पुढे ढकललीत तर संक्रांतीचे दिवस सोडून या. मार्लेश्वर-गिरिजादेवीच्या लग्नाची यात्रा असते, पायऱ्यांवर मुंगी शिरत नाही.