घरातल्या गिन्न्यांची ‘ग्रेड’ डोळ्यांनी कशी ओळखायची?

कऱ्हाडची_लेक

नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या पेटीतल्या चार गिन्न्या (ब्रिटिश राजवटीतली सोन्याची नाणी) आता माझ्याकडे आहेत. म्हाताऱ्या व्हिक्टोरियाची १९०० ची, एडवर्डची १९०७ ची आणि पाचव्या जॉर्जच्या दोन, १९१३ आणि १९१८. शेवटच्या नाण्यावर तारखेच्या वर, जमिनीच्या रेषेवर, बारीकसं इंग्रजी ‘आय’ आहे.

आमच्या सराफांनी चारही काट्यावर टाकल्या आणि “सगळ्या सारख्याच” म्हणून मोकळे झाले. पुण्याच्या नाण्यांच्या प्रदर्शनात मात्र एका व्यापाऱ्याने प्रत्येक नाणं नुसतं दिव्याखाली हलवून बघितलं आणि सांगितलं, “ही व्हीएफ, ही क्लीन्ड, ही ईएफ, ही एयू.” (व्हीएफ, ईएफ, एयू या कमी-कमी झिजीच्या चढत्या पायऱ्या आणि क्लीन्ड म्हणजे घासून चमकवलेली, एवढं कळलं.) कोणती कोणती ते मुलाच्या गडबडीत माझ्या लक्षात राहिलं नाही. त्याने नेमकं काय बघितलं?

विकायच्या नाहीत. मुलगा आणि मुलगी दोघांना दोन-दोन द्यायच्या आहेत, म्हणून वाटणी डोळसपणे करावी म्हणते. जाऊबाई म्हणतात आधी रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशने घास, मग नीट दिसेल. घासू का?

जुना_रोखपाल

ताई, रिठे केसांना ठेवा. नाण्याला ब्रश लावायचा नाही, पॉलिश नाही, टूथपेस्ट तर नाहीच. हे आधी वाचा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

कारण सांगतो. ठशाचा दाब बसतो तेव्हा सोनं मधून कडेकडे सरकतं आणि पृष्ठभागावर अतिबारीक रेघा उमटतात. टांकसाळीची झळाळी म्हणतात ती याच रेघांमुळे. पैठणीचा पदर हलवला की रंग फिरतो, तसा नाणं तिरपं केलं की उजेडाचा पट्टा फिरतो. घासलेलं नाणंही चमकतं, पण त्यात पट्टा फिरत नाही. सगळीकडून एकदम लखलखतं आणि भिंगातून एकाच दिशेच्या केसाएवढ्या रेघा दिसतात. गेलेली झळाळी परत आणता येत नाही. म्हणून ग्रेड देणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला आकडा (७० पैकी गुण) देत नाहीत, नुसतं ‘डिटेल्स’ लिहून मोकळ्या होतात.

आता बघायचं कसं. ट्यूबलाइट बंद करा. टेबललॅम्पमध्ये एकच पिवळा बल्ब, खाली घडी घातलेली चादर (हातातून सुटलं तर फरशीवर नको), नाणं फक्त कडेने धरलेलं. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग पाचपट-सातपट भिंगाने. दहाच्या पुढचं भिंग घेऊ नका, त्यात प्रत्येक नाणं खराब दिसतं.

पहिली नजर उंचवट्यांवर टाका. राजाच्या बाजूला जॉर्जच्या कानावरचे केस, भुवई, मिशी आणि दाढी. घोड्याच्या बाजूला सेंट जॉर्जची (हा घोड्यावरचा संत, राजा नव्हे) मांडी आणि गुडघा, शिरस्त्राण, घोड्याची छाती. झीज सगळ्यात आधी तिथे होते. झिजलेल्या जागेचा रंग बदलतो, ती मंद, मळकट पिवळी दिसते आणि फिरणारा पट्टा तिथे येऊन तुटतो. पट्टा फक्त या टोकांवर तुटतोय आणि बाकी अखंड आहे, तर एयू. झळाळी अक्षरांच्या आडोशाला तेवढी उरलीय पण केसांच्या बटा वेगळ्या दिसतात, तर ईएफ. बटा एकमेकींत मिसळल्या आणि झळाळी संपली, तर व्हीएफ किंवा त्याखाली. व्यापारी हेच करत होता, फक्त त्याला सवय आहे.

नवशिके अडकतात ते पुढे. एमएस, म्हणजे अजिबात न झिजलेलं नाणं, सुंदर असतंच असं नाही. गिन्न्या टांकसाळीतून पिशव्या भरून निघायच्या, एकमेकींवर आपटायच्या, सोनं मऊ. त्यामुळे एमएस-६१ च्या गालावर इतके टोचे असतात की शेजारचं एयू-५८ जास्त देखणं वाटतं. टोचा वेगळा, झीज वेगळी. टोच्याच्या कडा धारदार असतात आणि भोवती झळाळी टिकलेली असते.

शिवाय ठसाच हलका बसलेला असला तर केस जन्मापासूनच पुसट असतात. तिथेही झळाळीलाच विचारा. पुसट भागावरून पट्टा सरळ जात असेल तर ती झीज नव्हे.

हे ७० गुणांचं माप शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिथल्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी काढलं. सोन्याला ते नंतर लावलं. म्हणून आकड्यापेक्षा आधी झीज आहे की नाही एवढं ओळखायला शिका.

तुमचं ‘आय’ म्हणजे इंडिया. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ या एकाच सालाच्या गिन्न्या पाडल्या गेल्या, सुमारे १३ लाख. त्याच साली तिथे १५ रुपयांची मोहरही पाडली, वजनाला आणि कसाला गिन्नीइतकीच. आपल्याकडे ‘आय’ पुष्कळ दिसतात, फक्त न झिजलेल्या कमी.

पेठेतला_सराफ

सराफाची बाजू मांडतो. गिन्नी ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. आम्ही पैसे त्याचे देतो. जॉर्जच्या मिशीचे पैसे देणारं गिऱ्हाईक आमच्याकडे येत नाही.

पण ताई, माळेतल्या गिन्न्या आमच्याच हाताखालून जातात, म्हणून सांगतो. वरच्या कडेला, घड्याळात बारा असतात तिथे, भिंग लावा. कडी बसवली असेल तर डाखाचा रंग किंचित फिका दिसतो. कडी काढून कानशीने साफ केली असेल तर तेवढ्या जागेत किनारीचे दाते बोथट किंवा गायब. कडी काढल्यावर कारागीर सगळ्या नाण्याला उजाळा देतो, गिऱ्हाईक खूश होतं. क्लीन्ड गिन्न्या बहुतेक अशाच तयार होतात.

तीन दशांशाच्या काट्यावर वजनही करून घ्या. इंग्लंडात ७.९३७ ग्रॅमच्या खाली गेलेली गिन्नी चलनात धरत नसत. व्यास २२.०५ मिलिमीटर. बैरूतकडच्या जुन्या नकली गिन्न्या सोन्याच्याच असायच्या, त्यामुळे नुसता कस बघून भागत नाही.

घाटावरचा

ग्रेड-बिड सगळा व्यापाऱ्यांचा खेळ. विकताना ईएफ, घेताना व्हीएफ.

जुना_रोखपाल

बरोबर आहे, म्हणून तर घरच्या माणसाला बघता आलं पाहिजे. लिलावाच्या कॅटलॉगमधले फोटो बघताना खालची ग्रेड हाताने झाका, आपली ठरवा, मग हात काढा. एकच प्रकारचं नाणं धरून बसा, आज गिन्नी उद्या मुघल मोहर असं करू नका. मोहरेला ठसा अर्धवट बसलेला असतो, तिथले नियम निराळे.

कऱ्हाडची_लेक

सगळ्यांचे आभार! काल रात्री पोरं झोपल्यावर बसले. १९०७ च्या वरच्या कडेला दाते बोथट आहेत आणि एडवर्डच्या मानेवरून आडव्या रेघाच रेघा. सापडली क्लीन्ड! १९१८ मध्ये पट्टा छान फिरतो, फक्त घोडेस्वाराच्या गुडघ्यावर आणि राजाच्या भुवईवर अडतो. म्हणजे एयू ना? व्हिक्टोरियाच्या डोक्यावरचं वस्त्र कपाळाजवळ सपाट झालंय, ती व्हीएफ धरते. अमेरिकेतल्या भाच्याकडे देऊन तिथे ग्रेड करून घेऊ का?

जुना_रोखपाल

१९१८ एयू, मलाही तसंच वाटतं. ५५ की ५८ ते हातात घेतल्याशिवाय सांगणार नाही.

भाच्याकडे देऊ नका. १०० वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावशेष ठरतं आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या चारही त्यात येतात.

वाटणीचं म्हणाल तर वजनात चारही जवळपास सारख्या, तेव्हा एकाला एयू आणि क्लीन्ड, दुसऱ्याला ईएफ आणि व्हीएफ अशा जोड्या करा. प्रत्येक गिन्नी मायलरच्या (एक कडक, पारदर्शक प्लास्टिक) वेगळ्या पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती कालांतराने चिकट होतात आणि नाण्यावर हिरवट थर येतो. आणि १९१३ बद्दल काहीच लिहिलं नाहीत. ईएफ तीच उरते, पण मी सांगितलं म्हणून मानू नका, बल्बखाली धरा आणि कानावरचे केस कसे दिसतात ते इथे लिहा.