ईटीएने प्रतिस्पर्ध्यांना यंत्रं का विकावीत?

चावीवाला:
स्विस स्पर्धा आयोगाने ईटीएच्या बाबतीत जे केलं ते मला पहिल्यापासून पटलेलं नाही. ईटीए म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रं बनवणारी कंपनी, स्वॉच समूहाची. किती तरी स्विस ब्रँडांच्या घड्याळांच्या पोटात तिचंच २८२४ नाहीतर ७७५० क्रमांकाचं यंत्र. २००२ मध्ये तिने बाहेरच्यांना कच्ची (न जोडलेली) यंत्रं देणं थांबवायचं ठरवलं, तर आयोग आडवा आला. २०१३ मध्ये तडजोड झाली: २००९-११ च्या सरासरी विक्रीच्या ७५ टक्के यंत्रं बाहेरच्यांना द्यायची, पुढे ६५, मग ५५, थेट २०१९ अखेरपर्यंत. कारखान्यात पैसा एकाने ओतायचा आणि बाकीच्यांनी तो जाहिरातीत घालायचा?

नाशिककर:
चावीवाला, तुम्ही २००२ पासून मोजताय. १९३१ पासून मोजा. मंदीत असुआग ही घड्याळ-उद्योगाची कंपनी उभी राहिली ती सरकारी भांडवलाच्या टेकूने, आणि कच्ची यंत्रं बनवणारे कारखाने तिच्या छत्राखाली आले. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या तडाख्यात १९८३ मध्ये बँकांच्या पुढाकाराने असुआग आणि एसएसआयएच हा दुसरा घड्याळ-समूह एकत्र झाले, तोच आजचा स्वॉच समूह. तो उभा करणाऱ्या निकोलस हायेक यांचं कर्तृत्व मोठंच. पण विहीर गावाने बांधली आहे. ती ज्याच्या आवारात आली त्याने रातोरात रहाट काढून कसं चालेल?

चावीवाला:
सतरा वर्षं म्हणजे रातोरात नव्हे. सेलिटा ही दुसरी स्विस कंपनी आधी ईटीएचे संच जोडून द्यायची. पाणी आटणार हे दिसलं तेव्हा तिने २८२४ च्या धर्तीवर स्वतःचं एसडब्ल्यू२०० हे यंत्र काढलं. बाकीच्यांना कोणी अडवलं होतं?

नाशिककर:
सेलिटा उभी राहिली कारण मधल्या काळात पुरवठा चालू राहिला. नळ २००२ लाच बंद झाला असता तर ती तेव्हाच संपली असती.

दुरुस्तीवाला:
पंचवीस वर्षं घड्याळं उघडतोय, म्हणून सांगतो. खरी नाडी हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे घड्याळाची लय धरणाऱ्या बारीक स्प्रिंगमध्ये असते. यंत्राचा आराखडा उतरवता येतो, ही केसासारखी पट्टी सहजी जमत नाही. ती बनवणारी निवारॉक्सही स्वॉचचीच. २०१३ च्या तडजोडीत आयोगाने निवारॉक्सच्या भागांचा पुरवठा कमी करायला मान्यता दिली नाही, हे फार शहाणपणाचं झालं.

चावीवाला:
त्याच आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये काय केलं? सक्ती पुढे ठेवायची का याची चौकशी संपली नाही म्हणून ईटीएला मोठ्या ग्राहकांना यंत्रं द्यायलाच तात्पुरती मनाई केली! आधी विकण्याची सक्ती, मग विकायला बंदी.

नाशिककर:
ती मनाई मलाही पटत नाही. पण जुलै २०२० मध्ये सक्ती उठवतानाही आयोगाने ईटीएचं वर्चस्व आहे असंच म्हटलं. ग्राहक तिने निवडावेत, मान्य. भावात आणि अटींत दुजाभाव झाला तर तो कोणी बघायचा?