मराठी साइटला फॉन्ट सर्व्हिस लावायची की फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवायची?

राजारामपुरी_डिझाइन

एका साप्ताहिकाची साइट नव्याने बांधायला घेतली आहे. बातम्या, अग्रलेख, गुळाचे भाव, सगळा मजकूर मराठी. एका एजन्सीने संपादकांच्या गळी वार्षिक वर्गणीची फॉन्ट सर्व्हिस उतरवलीय, म्हणजे फॉन्टची फाइल दरवेळी त्यांच्या सर्व्हरवरून वाचकाकडे येणार. माझं म्हणणं, कुठलीच सर्व्हिस नको, पैशाची नको आणि फुकटचीही नको. गूगल फॉन्ट्सवरून फॉन्ट उतरवून घ्यायचा आणि आपल्या सर्व्हरवर ठेवायचा.

मुक्त, बालू, मोदक हे फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या फाउंड्रीचे, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचे. हिंद, पॉपिन्स, तेको हे अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे. सगळे ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) या खुल्या परवान्यातले. फाइल स्वतःकडे ठेवा, धंद्याच्या साइटवर वापरा, कोणी अडवत नाही. फॉन्ट नुसता सुटा विकायचा नाही, एवढंच.

'फॉन्ट थेट गूगलच्या सर्व्हरवरून घेतला की वाचकाच्या ब्राउझरमध्ये तो आधीच साठवलेला असतो' हे अजून सांगितलं जातं. 2020 मध्ये क्रोम 86 आला आणि त्यात काही अर्थ उरला नाही. कॅश, म्हणजे ब्राउझरचा हा साठा, आता प्रत्येक साइटची वेगळी असते. उलट सीएसएस (पानाची मांडणी आणि फॉन्ट सांगणारी फाइल) एका डोमेनवरून आणि फॉन्टची फाइल दुसऱ्यावरून, म्हणजे दोन परक्या दारांत उभं राहायचं. गगनबावड्याकडची रेंज माहीत असणाऱ्याला यापुढे सांगायला नको.

पंचगंगाकाठी

ठेवा की स्वतःकडे. मग निस्तरायला आम्हालाच बोलावतासा.

नेहमी काय होतं सांगतो. फाइल जड वाटते म्हणून ती बारीक करायला घेतात. टूलमध्ये देवनागरीचा 0900 ते 097एफ हा युनिकोड क्रमांकांचा पट्टा टाकतात आणि मोकळे होतात. रुपयाचं ₹ चिन्ह त्या पट्ट्यात नाहीच, ते 20बी9 वर आहे. मग भावाच्या तक्त्यात आकडे एका फॉन्टचे आणि ₹ भलत्याच फॉन्टचा. त्यात एखाद्या फुकटच्या कन्व्हर्टरमधून फाइल काढली आणि जोडाक्षरं जुळवणारे फॉन्टातले ओपनटाइप नियम गळले, तर 'पन्हाळ्याच्या दऱ्या' या मथळ्यात ऱ चा पाय मोडलेला आणि 'या' सुटा. बातमी पुराची आणि लोक हसायलेत मथळ्याला.

सर्व्हिस हे सगळं न सांगता करते. ब्राउझर बघून योग्य फाइल देते, मराठीचा तुकडा वेगळा, इंग्रजीचा वेगळा. फॉन्टात दुरुस्ती झाली की तीही आपोआप येते. साप्ताहिकाच्या ऑफिसात हे बघायला माणूस आहे का?

राजारामपुरी_डिझाइन

टूल चुकीचं चालवलं तर सर्व्हरचा काय दोष? गूगलची सीएसएसची लिंक ब्राउझरमध्ये उघडा. त्यात देवनागरीच्या तुकड्याचा पट्टा लिहिलेलाच असतो, ₹ सकट. तोच उचला, त्याचीच वॉफ2 (वेबसाठीची आटोपशीर फॉन्ट) फाइल घ्या, कन्व्हर्टरच्या वाटेला जाऊच नका. सीएसएसमध्ये फॉन्ट-डिस्प्लेला 'स्वॅप' लिहा, नाहीतर फाइल येईपर्यंत क्रोम तीन सेकंद अक्षरंच लपवून ठेवतो.

छपाईकाका

डीटीपीत आयुष्य गेलं माझं, म्हणून जरा वेगळं बोलतो. तुम्ही दोघं फाइल कुठं ठेवायची यावर भांडताय. अक्षर कुठलं, हे कोणी बोलतच नाही.

मुक्त चांगला आहे, पण आज तो दिसत नाही अशी मराठी साइट सापडणं अवघड. साप्ताहिकाला स्वतःचा चेहरा हवा असेल तर पैसे मोजून अक्षर घ्या. अक्षर काढणाऱ्यालाही पोट असतं. फुकटच घ्यायचं तर टीरो देवनागरी मराठी बघा. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. अडचण एकच, त्याला बोल्ड नाही. नुसता सरळ आणि तिरका. मथळ्याला लावलात तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो आणि 'क', 'फ' ची पोटं काळी होऊन जातात.

राजारामपुरी_डिझाइन

काका, विकतच्या फॉन्टला विरोध नाही. भाड्याच्या फॉन्टला आहे. अडोबी फॉन्ट्सचंच घ्या. फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची परवानगी नाही, त्यांचाच कोड लावायचा, आणि वर्गणी थकली की साइटवरची अक्षरं गेली. जाहिरातींची बिलं महिनोन्महिने अडकणाऱ्या साप्ताहिकाला हे परवडेल? घ्यायचाच तर फाउंड्रीकडून वेब परवाना घ्या. फाइल हातात येते. मात्र परवान्यात महिन्याच्या पेज व्ह्यूची मर्यादा आहे का, ते आधी वाचा.

उद्यमनगरवाला

आमचं ओतकाम जर्मनीला जातं, म्हणून एक भर. म्युनिकच्या कोर्टाने जानेवारी 2022 मध्ये एका साइटमालकाला 100 युरो भरपाई द्यायला लावली. कारण काय, तर गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट घेतल्याने वाचकाचा आयपी पत्ता न विचारता गूगलकडे गेला. आम्ही त्याच वर्षी फॉन्ट आपल्या सर्व्हरवर आणले. साप्ताहिकाला ही भीती नसेल, पण निर्यातवाल्यांनी ध्यानात ठेवा.

मंगळवारपेठी

काय लावलंय हे भावांनो! फॉन्टच कशाला पाहिजे? अँड्रॉइडमध्ये नोटो आहे, विंडोजमध्ये निर्मला, आयफोनमध्ये कोहिनूर. तिन्हीत मराठी झकास दिसतंय. शून्य केबी, शून्य वर्गणी. 'आधी शिवाजी फॉन्ट डाउनलोड करा' अशी पाटी लावणाऱ्या साइटी आठवतात का? त्यातनं सुटलो तर आता हे.

छपाईकाका

अगदीच टाकाऊ नाही हे. अंगच्या मजकुराला फोनचा फॉन्ट चालेल, मथळ्याला तेवढं आपलं अक्षर ठेवा. पण पानाच्या कोडात भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी नोंदवा. बऱ्याच थीममध्ये (साइटच्या तयार साच्यांत) तिथं इंग्रजीच राहिलेली असते. मग फॉन्टात मराठी ल-श असूनही ब्राउझर ते बाहेर काढत नाही.

राजारामपुरी_डिझाइन

तरीही एकाच मजकुराची तीन फोनवर तीन रूपं होणार. कुठं ओळ वाढणार, कुठं मथळा तुटणार. अग्रलेखाला ते नको. मी मुक्तची दोनच वजनं (अक्षरांची जाडी) घेतोय, साधं 400 आणि ठळक 800.

पंचगंगाकाठी

घ्या. चालू झाल्यावर क्रोमचा नेटवर्क टॅब उघडून बघा मात्र, पान कुठून काय मागवतंय ते तिथं दिसतं. थीम स्वतः गूगलचा फॉन्ट मागवते, पेज बिल्डर (पान जुळवायचं प्लगिन) त्याचा वेगळा मागवतो, बातमीत बसवलेला नकाशा तिसरा. तुमची फाइल सर्व्हरवर आहेच, वर हे तिघं. ते एकेक करून बंद करणार कोण, आणि थीम अपडेट झाली की परत बघणार कोण? हे संपादकांना आत्ताच विचारून घ्या, बिलात धरायला लागेल.